केस कोणाच्या खर्चात?

एका रविवारी सकाळी बाबांनी जाहीर केलं, की आजपासून या घरात सुटे पैसे मिळणार नाहीत.

बरेच दिवस त्यांच्या मनात होतं. ऑफिसला निघताना ते बुटाची लेस बांधायला वाकले, की मागून कोणीतरी हमखास म्हणायचं, "बाबा, ते पैसे..." आणि वाकलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. (उभं राहूनही बाबांना ते कधी जमलं नव्हतं, पण तो वेगळा विषय.)

"दोघांनाही दर महिन्याला ठरलेली रक्कम. एकदाच. मग महिनाभर माझ्यापुढे हात पसरायचा नाही."

"त्यात काय काय येणार?" ताईने विचारलं. ती अकरावीत होती आणि कशावरही सही करण्याआधी उलटून बघणारी होती.

बाबा वीज कंपनीच्या ऑफिसात तक्रारींच्या खिडकीवर बसत. 'ते आमच्याकडे येत नाही' हे वाक्य दिवसभरात इतक्या वेळा म्हणत, की आता ते आपोआपच तोंडातून निघे.

"फी, वह्यापुस्तकं, औषधं माझ्याकडे. फोनचा रिचार्ज, सिनेमा, बाहेरचं खाणं तुमच्याकडे."

"बाहेरचं खाऊन आजारी पडलो तर?" आठवीतल्या धाकट्याने विचारलं.

"मग औषध मी देईन," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. कोणतं औषध, हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही.

"आणि केस कापणं?" ताईने विचारलं.

"ते आमच्याकडे येत नाही," बाबा म्हणून गेले.

पुढचे काही आठवडे घरात अशी शांतता नांदली, की बाबा खिडकीपलीकडच्या तक्रारदारांनाही ही योजना समजावून सांगू लागले. (लोक बिल दुप्पट का आलं ते विचारायला आले होते.) मग एका संध्याकाळी ते घरी आले, तर धाकटा डोक्याला टॉवेल गुंडाळून कोपऱ्यात बसलेला.

"सर्दी झाली का रे?"

धाकट्याने टॉवेल काढला. उजवीकडून तो चांगल्या घरचा मुलगा दिसत होता. डावीकडे मात्र कानाच्या वर कोणीतरी पाइप टाकायला रस्ता खणून ठेवावा, तसा पांढरा पट्टा.

"हे कोणी केलं?"

"मी," कात्री पाठीमागे लपवत ताई म्हणाली. "व्हिडिओ बघून. पण व्हिडिओतला मुलगा हलत नव्हता."

"सलूनच्या निम्म्या पैशांत कापते म्हणाली," धाकटा म्हणाला. "मी हेडफोनसाठी साठवतोय ना."

"अरे, पण मला विचारायचं तरी!"

"तुम्हीच म्हणालात, केस तुमच्याकडे येत नाहीत."

(हे दुसऱ्या अर्थानेही खरं होतं, म्हणून जरा जास्तच लागलं.)

बाबा ओरडणार, तेवढ्यात धाकट्याला रडू फुटलं. "उद्या वक्तृत्व स्पर्धा आहे. अख्ख्या शाळेसमोर. मी नाही जाणार. पोट दुखतंय म्हणून कळवा."

गेला महिनाभर तो आरशासमोर उभा राहून भाषण पाठ करत होता. बाबांचा राग तिथेच विरघळला.

सलूनवाल्याने डोकं चारी बाजूंनी पाहिलं. "कोणाचं काम?"

"घरचंच आहे," बाबा म्हणाले.

"बहुतेक गोटाच करावा लागेल."

धाकट्याची हनुवटी थरथरली. ती पाहिली आणि बाबा शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले.

"माझाही करा. सगळे काढा."

"सगळे?"

"सगळे!"

"म्हणजे... आहेत तेवढे?"

"हो!" बाबांनी मुलाकडे वळून पाहिलं. "उद्या मी रजा टाकून पहिल्या रांगेत बसतो. हसणारे आधी मला हसतील. त्यांचं हसून झालं, की तू बोल."

धाकट्याचे डोळे भरून आले. बाबांनी आपले मिटून घेतले. वस्तरा फिरत होता आणि आयुष्यात प्रथमच आपण काहीतरी भव्य करतोय, असं त्यांना वाटत होतं.

डोळे उघडले, तेव्हा शेजारच्या खुर्चीत एक राजबिंडा मुलगा बसला होता. कडेने बारीक, वर भरदार, आणि डाव्या कानावर दोन झोकदार रेघा.

"वाचले की हो याचे!" सलूनवाल्याचा मदतनीस म्हणाला. "पट्ट्याची डिझाइन करून टाकली. सध्या हीच फॅशन आहे."

"अहो, मग मला थांबवायचं ना!"

"तुम्ही डोळे मिटून इतके समाधानी दिसत होता, म्हटलं कशाला थांबवा."

धाकट्याने खिशातून स्वतःचे पैसे काढले. बाबांनी त्याचा हात मागे सारला. "राहू दे. हे आमच्याकडे येतं."

घरी येताना धाकटा त्यांना अगदी खेटून चालत होता. असा तो किती तरी वर्षांत चालला नव्हता.

"बाबा, उद्या खरंच पहिल्या रांगेत बसाल?"

"बसेन की."

दार आईने उघडलं. तिने मुलाला दिव्याखाली गोल फिरवून पाहिलं. "अगं बाई! काय छान दिसतोय!"

"पाया मी घातला होता," ताई आतून ओरडली.

बाबा थोडं पुढे सरकले. डोकं किंचित झुकवून उभे राहिले. आईने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मायेने म्हणाली, "तुमचा नंबर लागला नाही वाटतं? असू दे, पुढच्या रविवारी जा."