प्रायोजकासह भरती

आमच्या नेरूळच्या सोसायटीत कोणाकडेही होडी नाही. तरीही तिसऱ्या मजल्यावरचे काशिनाथ तांडेल, म्हणजे आमचे तांडेलकाका, रोज सकाळी मागच्या गॅलरीत येऊन सगळ्या इमारतीला भरतीची वेळ सांगायचे. नुसती वेळ नाही. आधी तोंडानेच दोन सूर वाजवायचे, मग घसा साफ करून, "आजची भरती-ओहोटी तुमच्यासाठी घेऊन येत आहेत जाळी, दोर आणि बोयांचे खात्रीचे व्यापारी..." असं म्हणत खाडीकाठच्या एका दुकानाचं नाव घ्यायचे. ते दुकान केव्हाच बंद झालं होतं. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

"काका, दुकानच राहिलं नाही, तर जाहिरात कशाला?" मी एकदा विचारलं.

"प्रायोजक घेतल्याबिगर भरती सांगायची नसते," काका म्हणाले. "कमर्शियल टेशन हाय आपलं."

आपलं स्टेशन म्हणजे महाप्याला एका गोदामाच्या माळ्यावर सुरू झालेलं नवी मुंबईचं एफएम. मालक हौशी होता. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून त्याने स्टुडिओ केला होता. काका स्कूटरवरून दुकानोदुकानी फिरून जाहिराती आणायचे. मिठाईवाले, क्लासवाले, साडीवाले, सगळे पटले. जाळ्यांचा व्यापारी मात्र अडून बसला. "तुमची गानी ऐकून माझी जाली कोन घेनार? भरती सांगा, मंग जाहिरात देतो." स्टेशनात भरतीतलं दुसऱ्या कोणाला काही कळत नव्हतं. म्हणून काकांनाच माइकसमोर बसवलं.

पुढे कित्येक वर्षं ते रोज सकाळी मिनिटभर बोलायचे, पुस्तकी मराठीत, इस्त्री केल्यासारखे. शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं, "चिखलात उतरणाऱ्यांनी पायात बूट घालावेत. अनवाणी जाऊ नये." मला ते सरकारी सूचनेसारखं वाटायचं.

मग एका मोठ्या कंपनीने स्टेशन विकत घेतलं. अंड्यांचे ट्रे गेले, मिठाईवाले गेले, काका गेले. "गुड मॉर्निंग, नवी मुंबई" म्हणणारा तरुण दुसऱ्याच शहरात बसून, नाव तेवढं बदलून, आणखी चार गावांना गुड मॉर्निंग म्हणतो, हे काकांनी शोधून काढलं. भरती सांगा म्हणून ते रोज फोन करू लागले. कंटाळून कंपनीने भरती पुन्हा सुरू केली, एका हसऱ्या मुलीच्या आवाजात. पहिल्याच सकाळी काका माझ्या दारात उभे राहिले. पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"चला महाप्याला. तुमी शिकलेले हाव, सोबत असलेले बरे."

तिथला कार्यक्रमप्रमुख माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा होता. त्याने आम्हाला गार पाणी दिलं.

"ही भरती मुंबईची हाय," काका म्हणाले. "कुलाब्याचं पानी खाडीत आत शिरून आमच्याकडं पोचायला वेळ लागतो. तुमी भरती म्हनता, तवा आमच्याकडं चिखल असतो."

"काका, थोडं पुढेमागे चालतं. टेन्शन नका घेऊ. आपला लिसनर गाडीत असतो, होडीत नाही."

"मग गाडीवाल्याला भरती सांगता कशाला? आनि पगार पुढंमागं झाला तर चालंल का तुमाला?"

तो हसला. काका हसले नाहीत.

"बरं, आनि बुटांचं?"

"कसले बूट?"

"शेवटी बुटांचं वाक्य असतं. ते कापलंय तुमी."

"ती लाइन आपल्या ब्रँडला सूट होत नाही, काका."

मी सहसा चिडत नाही. त्या दिवशी परतताना रिक्षात मी चिडलो होतो. ज्या शहराला तिन्हीत्रिकाळ खाडीचा वास येतो, त्याच्या रेडिओला स्वतःचं पाणी केव्हा चढतं ते माहीत नाही, आणि माहीत नसल्याची लाजही नाही. शहराचं नाव विकत घ्यायचं आणि शहर टाकून द्यायचं, ही कसली रीत? काका मात्र "बुटांचं तरी ठेवायचं," एवढंच दोनदा म्हणाले.

आठवड्याभरात कंपनीने भरती बंदच केली. कारण काय, तर तक्रार आली होती.

तेव्हापासून गॅलरी सुरू झाली. सेक्रेटरी समजावायला आले. "काका, नातू झोपलेला असतो हो माझा."

"भरती थांबनार हाय का त्याच्यासाठी?"

"मग निदान रस्त्याकडच्या गॅलरीतून सांगा. मागे सगळ्यांच्या बेडरूम आहेत."

"ते नाय जमनार," काका म्हणाले आणि दार लावून घेतलं.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. दहाव्याला मी त्यांच्या गावी, खाडीवर गेलो. सगळ्यांपासून दूर एक म्हातारी उभी होती. नऊवारीचा काष्टा आणि पायात गुडघ्यापर्यंत काळे रबरी बूट. "आत्या," काकांचा मुलगा हळूच म्हणाला. गावच्या जमिनींच्या बदल्यात सरकारने दिलेल्या भूखंडावरून बहीणभावांत वाद झाला होता. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

मी शेजारी आहे असं सांगितल्यावर ती आपणहून बोलली.

"मी शिंपल्या काढाया जाते. एकदा पाय कापला, साखरेमुलं बोट काढाया लागलं. काशा बगाया नाय आला. पन दुसऱ्या हप्त्यापासून रेडिओवर बुटांचं बोलाया लागला. भरती मला कशाला सांगाया पायजे? पानी दिसतंय की डोल्यांना. मी त्याच्यासाठी रेडिओ लावायची. मंग त्याचा आवाजच बंद झाला, आनि एक दिस कोनतरी पोरगी बोलली. बुटांचं नाय बोलली. मला वाटलं, काशाचा राग परत आला."

मी तिला कंपनीचं सांगितलं. त्यांनी ते वाक्य कापल्याचं, महाप्याला झालेल्या भांडणाचं. मग गॅलरीचं सांगितलं. काका आजारी पडेपर्यंत रोज सकाळी उभे राहायचे, म्हटलं.

"बुटांचं पन बोलायचा?"

"रोज. सगळ्यात शेवटी."

तिने पाण्यापलीकडच्या नेरूळच्या इमारतींकडे बघितलं.

"त्याची गॅलरी कंच्या बाजूला हाय?" तिने विचारलं.

"इकडे," मी म्हणालो. "खाडीकडे."