तोदोरोकी मास्तरांनी पुडिंगावर मतदान घेतले ते प्रकरण

शाळेच्या घंटेस नमन करून, कोणाचा पक्ष न धरिता, जैसे घडले तैसे लिहिले आहे, श्रोते हो, सावध असावे.

तोत्तोरी प्रांती कसबे कुरायोशी, तेथील खासगी शाळेत सहाव्या इयत्तेस इतिहास-नागरिकशास्त्र शिकविणार राजमान्य राजश्री तोदोरोकी मास्तर, पोरांच्या तोंडी 'सेन्सेई', वय कोवळे, नेमणूक हंगामी. मुख्याध्यापिका इसोगाई बाईसाहेब यांचा हुकूम सुटला की, खुला पाठ करावा, परगण्यातील शिक्षक पाहावयास येतील, पाठ रंगला तर नेमणूक कायम, न रंगला तर मास्तरांनी दुसरा मुलूख शोधावा. मास्तरांचे धाबे दणाणले. मग मसलत केली की, विषय लोकशाही, पोरे पेंगतात, आणि पेंगत्या पोरास जागे करील ऐसे एकच शस्त्र, ते म्हणजे जेवणातील पुडिंग.

त्या शाळेची वहिवाट ऐसी की, दुपारचे जेवण पोरे वर्गातच वाढितात, आणि गैरहजराचे पुडिंग उरले तर दगड-कागद-कात्री खेळून जो जिंकेल त्याचे. त्या रोजी चिझुरू नामे कन्या दातांच्या डॉक्टरांकडे गेली, सबब तिचे पुडिंग उरले. मास्तरांनी ते जप्त केले आणि फर्माविले की, आज खेळ नाही, पाचव्या तासाला मतदान होईल. पाठाचा आराखडा छापून पाहुण्यांस वाटिला, त्यात कोणते पोर काय बोलेल तेही आधीच लिहिले होते, आणि शेवटी फळ्यावर 'बहुमत म्हणजे न्याय' ऐसे लिहावे हे ठरले होते.

घंटा जाहली. पाहुणे शाळेच्या सपाता फटफटवीत आले आणि मागील भिंतीशी मोर्चे धरून उभे राहिले. मतमोजणी केली तो सर्वांस एकेकच मत, जो तो आपणासच मत देऊन मोकळा! आराखड्यात हे नव्हते. मास्तरांस घाम फुटला. मग दाइगो नामे धिप्पाड पोराने उठून फितुरी मांडिली, "ए, मला मत द्या रे! प्रत्येकाला एकेक घास देतो, आईशप्पथ!"

"मागच्या वेळी पण असंच म्हणालास आणि एकट्यानं गिळलंस!"

"अरे, तेव्हा सेन्सेई बघत नव्हते!"

वर्ग हसला, पाहुणे हसले, आणि फेरमतदानात दाइगो दणदणीत निवडून आला. मास्तरांचा जीव भांड्यात पडला आणि त्यांनी ती ठरली ओळ थाटात लिहिली.

मग दाइगोने चमचा उगारिला, इतक्यात दार सरकले आणि सुजल्या गालाने चिझुरू आत आली.

"ते माझं पुडिंग आहे ना?"

"होतं! आता मतदान झालं. तू नव्हतीस."

"नव्हते म्हणून काय माझं राहिलं नाही?"

मास्तर आराखड्याची पाने चाळू लागले, त्यात चिझुरूचे नावच नव्हते. बाईसाहेब टक लावून पाहत होत्या. बहुमत मोडावे तर पाठ मोडला आणि पोटावर पाय आला, न मोडावे तर या पोरीस काय सांगावे? मास्तरांस आपलीच लाज वाटली. मग डस्टर घेऊन स्वहस्ते ती ओळ पुसली आणि पुडिंग चिझुरूपुढे ठेविले.

"खा मग पटकन!" दाइगो फुरंगटला.

"तोंड बधिर आहे. आत्ता काही खायचं नाही म्हणालेत."

"मग आम्हाला दे!"

"नाही."

"वा गं वा! स्वतः खात नाहीस, आम्हालाही देत नाहीस?"

"मी खाल्लं नाही तरी ते माझंच. तुम्ही कितीही जण असा."

मास्तरांनी हेच वाक्य फळ्यावर लिहिले. पाहुण्यांनी आराखडे उलटे करून कोऱ्या बाजूस उतरून घेतले. एकही पोर पेंगले नाही, सर्वांची नजर पुडिंगावर.

तास सरता दाइगोने हात वर केला. पोरांस मास्तरांच्या खोलीतील सारी खबर असतेच.

"सेन्सेई, मग तुमची नोकरी बहुमतानं ठरणार की हक्कानं?"

मास्तर पांढरेफटक पडले. तेव्हा बाईसाहेबांनीच भिंतीपासून हुकूम फर्माविला, "ती माझ्या मर्जीनं ठरते. आणि मर्जी झाली आहे."

येणेप्रमाणे कुरायोशीचे वर्गात लोकशाहीची फत्ते जाहली.