पथक, सहानुभूती दे!

अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीत भावनिक बुद्धिमत्ता हा विषय सोमवारपासून सक्तीचा झाला. परिपत्रकात म्हटलं होतं की, यापुढे सेनानायकाला हाताखालच्या माणसाचं मन कळलं पाहिजे, आणि ते चालू तिमाहीतच कळलं पाहिजे. ते शिकवायचं कोणी, याबद्दल परिपत्रक गप्प होतं. कर्नलसाहेबांनी वेळापत्रक पाहिलं. सकाळी सहा ते सात कवायतीचे उस्ताद मोकळे होते. विषय त्यांच्या गळ्यात पडला.

उस्तादांनी एकतीस वर्षांच्या नोकरीत एकही रांग वाकडी होऊ दिली नव्हती. त्यांनी सोबत आलेलं पुस्तक दोनदा वाचलं, ओ की ठो कळलं नाही, तेव्हा जे येत होतं ते केलं. विषयाचे तुकडे पाडले. एक म्हटलं की मान डावीकडे, पंधरा अंश. दोन म्हटलं की उजवा हात समोरच्याच्या खांद्यावर, बोटं जुळलेली. तीनला एका सुरात, "मी तुझी भावना समजू शकतो!"

"पथक, सहानुभूती दे!" असा हुकूम सुटला की दोनशे माना एकदम कलायच्या.

"ए चष्मेवाल्या! तुझा कळवळा उशिरा आला! मैदानाला दोन फेऱ्या!"

पंधरवड्यात प्रबोधिनीचा कळवळा असा काही एकसारखा झाला की बघणाऱ्याचा ऊर भरून यावा.

घोडं अडलं ते उस्तादांच्या मुलीपाशी. तिचे दिवस भरत आले होते, पहिलटकरीण होती. तिची आई जाऊन सहा वर्षं झालेली, जावई बोटीवर. "बाबा, तुम्ही असलात की मला धीर येतो. याल ना?" तिने फोनवर विचारलं. उस्ताद "येतो" म्हणाले आणि रजेचा अर्ज घेऊन कर्नलसाहेबांपुढे उभे राहिले.

कर्नलसाहेबांनी अर्ज वाचला. ते खुर्चीतून उठले. मान कलली, हात खांद्यावर आला. "उस्ताद, मी तुमची भावना समजू शकतो."

"मग रजा, साहेब?"

"समजू शकतो, एवढंच म्हणालो मी. अभ्यासक्रम समजण्यापर्यंतच आहे. समजल्यावर काय करायचं, ते पुढच्या वर्षी येणार आहे. आणि बुधवारी तपासणी समिती येतेय. तुम्हाला कसं सोडू?"

पोरीला आता काय तोंड दाखवायचं, या विचाराने उस्तादांना बाहेर आल्यावर भडभडून आलं. ते हेडक्लार्कबाईंनी पाहिलं. परिपत्रक प्रबोधिनीत शेवटपर्यंत वाचलेल्या त्या एकट्याच.

"कलम नऊ बघा," त्या म्हणाल्या. "तपासणीत ज्याला शून्य गुण पडतील, त्याला भावना उत्पन्न होईपर्यंत घरी, कुटुंबाच्या सहवासात ठेवायचं आहे."

"म्हणजे मी दगड व्हायचं?"

"बुधवारपुरतं. मुलीची आठवण तेवढी काढू नका."

बुधवारी समितीच्या अध्यक्षाबाईंनी उस्तादांना भर मैदानात विचारलं, "तुमच्या पथकातला जवान रडतोय. काय कराल?"

"सावधान उभा करीन."

"त्याची आई आजारी आहे."

"असेल. बूट चमकतायत का ते बघीन."

"आणि तुमच्या स्वतःच्या घरचं कोणी अडचणीत असेल तर?"

"मला कोणी नाही," उस्ताद म्हणाले, आणि डोळे दगा देतील म्हणून नजर झेंड्याच्या काठीवर खिळवली. समोरच्या दोनशे पोरांना सगळं ठाऊक होतं. एकाचीही मान कलली नाही, की चेहरा हलला नाही. उस्तादांना त्या पोरांचा इतका अभिमान आजवर कधी वाटला नव्हता.

समितीने एकमताने शून्य दिलं. इतका निबर माणूस पाहिला नव्हता, असा शेराही मारला. कर्नलसाहेबांनी जड अंतःकरणाने उस्तादांना गाडीत बसवलं.

शुक्रवारी नात झाली. दुपट्यातलं ते गाठोडं हातात येताच उस्ताद हमसून हमसून रडले, अगदी नाक लाल होईपर्यंत. शेजारी उभ्या नर्सबाईंना राहवलं नाही. त्यांनी फोनवर ते टिपलं, 'फौजी आजोबा विरघळले' असं नाव दिलं आणि चार जणांना पाठवलं. शनिवारपर्यंत ते चार लाखांनी पाहिलं. चार लाखांत एक कर्नलसाहेबही होते.

रविवारी हुकूम आला: 'भावना उत्पन्न झाल्याची खात्री पटली आहे. सबब सहवास समाप्त. उद्या सकाळी सहा वाजता मैदानावर हजर व्हावे.'

"अहो बाबा, पण आपल्या घरातलं त्यांच्यापर्यंत पोचवलं कोणी?" मुलगी चिडून म्हणाली.

"लोकांनी, पोरी," बॅग भरता भरता उस्ताद म्हणाले. "मनाने फार चांगले असतात गं."

खरंच आहे ते. 'किती गोड! डोळ्यांत पाणी आलं!' असं लिहून तुम्हीच नाही का तो व्हिडिओ पुढे पाठवलात?