सेतुमाधवरावांचे लोखंडी पाय

सेतुमाधवराव सकाळी लॅबमध्ये शिरले की माणसांना नमस्कार करायच्या आधी यंत्रावर खेकसत. "काय रे मूर्खा, काल का अडलास?" असं तमिळमध्ये विचारून ते त्याच्या गुडघ्यावर पान्याने टकटक करायचे. नवीन पोरींपैकी एकीला वाटलं, म्हातारा फोनवर बायकोशी भांडतोय.

म्हातारा अविवाहित होता. तंजावरचा मराठी, बोलणं जुन्या वळणाचं, आमच्या पेरुंगुडीच्या छोट्या कंपनीत मुख्य फिटर. मी नाशिकहून नोकरीला आलो, तेव्हा मराठी बोलणारं माणूस भेटलं म्हणून हरखून गेलो. पहिल्याच दिवशी ते माझं सोल्डरिंग बघून म्हणाले, "हे तुज कोणी शिकवलं? त्याचा पत्ता दे. जाऊन मारून येतो."

आम्ही सैनिकांसाठी सांगाडा बनवत होतो. तो कपड्यांवरून अंगावर चढवायचा. कमरेला बॅटरी, गुडघ्यांपाशी मोटरी. पाठीवर जड ओझं घेऊन जवान डोंगर चढला तरी भार त्याच्या पायांवर न येता सांगाड्यातून जमिनीत उतरायचा. निदान कागदावर तरी.

सेतुमाधवरावांचा सगळा राग पट्ट्यांवर. "मोटर काय, कोणीही बसवील. पट्टा कुठं काचतो ते बघ. तुज कळतंय का, पा?" पा म्हणजे आपलं 'बाबा'. ते स्वतः सांगाडा चढवून तासभर फिरत, मग विजार वर करून मांडीवरचे लाल वळ आम्हाला दाखवत. मुली आल्या की आम्हीच घाईघाईने पडदा ओढायचो.

सांगाड्याला एक खटका होता. छातीजवळची दोरी ओढली की सगळे पट्टे एकदम सुटत. वजन कमी करायचं म्हणून डायरेक्टरसाहेबांनी तो काढायला लावला. सेतुमाधवरावांनी तीन अर्ज लिहिले. उत्तर आलं नाही.

मग लष्कराचे अधिकारी पाहणीला आले. सांगाडा घालून दाखवायचं काम सेतुमाधवरावांनी मागून घेतलं. ओझं घेऊन ते चढण ऐटीत चढले. टाळ्या पडल्या. एवढ्यात त्यांनी हात मागे नेऊन बॅटरीची वायर उपटली आणि ओझ्यासकट उताणे पडले.

डायरेक्टर धावले. "सर, आर यू ऑलराइट?"

"मज काय झालंय?" आभाळाकडे बघत सेतुमाधवराव गरजले. "समोरून गोळ्या येताहेत. काढा बाहेर! ओडनेच!"

ओडनेच म्हणजे ताबडतोब. चार इंजिनियर तुटून पडलो. ओझ्याखाली एक बक्कल अडकलं, दुसऱ्याला स्क्रू-ड्रायव्हर लागला. सेतुमाधवराव उताण्या झुरळासारखे हात हलवत ओरडत होते, "मेलो! आता मी मेलो! आता हा माझ्या शेजारचा मेला!"

एक वयस्कर कर्नल हसत होते. हसू ओसरल्यावर एवढंच म्हणाले, "खटका परत लावा."

खटका लागला. पण डायरेक्टर हा अपमान विसरले नाहीत. लुळ्या पायांच्या माणसांना उभं करणारी लोखंडी पायांची एक जोडी सेतुमाधवराव दोन वर्षं बनवत होते. ते काम बंद झालं आणि त्यांची बदली स्टोअरमध्ये. कारण सांगितलं, कंपनीचं लक्ष फक्त संरक्षणाकडे.

मला संताप आला. त्यांना तर इतका आला की स्टोअरचं दार दोनदा बिजागरीतून निघालं. "शिपाई बर्फात गुडघे घालवून घरी येईल. मग त्यास काय देणार? खुर्ची? ज्यास चढता येतं त्याच्यासाठी सगळं. जो पडून आहे तो पडूनच राहू दे, काय?"

ते रोज डायरेक्टरच्या केबिनबाहेर उभे राहून हे ऐकवत. शेवटी कटकट मिटावी म्हणून डायरेक्टरांनी ती जोडी अड्यारच्या एका पुनर्वसन केंद्राला चाचणीसाठी देऊन टाकली.

"शनिवारी अड्यारला ये," सेतुमाधवराव माझ्यावर खेकसले. "लॅपटॉप आण. उशीर केलास तर बघ."

मी गेलो. चाकाच्या खुर्चीत पांढऱ्या केसांची एक बाई बसली होती. "ही माझी अक्का," ते म्हणाले. चौदाव्या वर्षी पोलिओ झाला आणि तिचे पाय गेले. तेव्हा हे दहा वर्षांचे.

केंद्रातल्या डॉक्टरीणबाई तिचे गुडघे तपासून चकित झाल्या. "इतक्या वर्षांत सांधे आखडले नाहीत? व्यायाम कोण करवतं?"

"हाच," अक्का म्हणाली. "रोज पहाटे. आई गेल्यापासून. शिव्या देत देत."

सेतुमाधवराव भिंतीकडे बघत होते.

आम्ही पट्टे बांधले. अक्काने समोरचे दांडे धरले, दोघी मदतनीस बाजूला उभ्या राहिल्या. मी बटण दाबलं. मोटरी घुरघुरल्या आणि ती हळूहळू वर आली. थरथरत, पण सरळ. सेतुमाधवराव तिला धरायला पुढे झाले आणि थबकले. तिच्याकडे बघायला त्यांना मान वर करावी लागत होती.

अक्काने त्यांना नीट न्याहाळलं.

"सेतू," ती म्हणाली, "अरे, तू एवढासाच राहिलास की रे!"

सेतुमाधवराव जवळ सरकले आणि दहा वर्षांच्या पोरासारखं तिच्या खांद्याला डोकं लावून उभे राहिले.