झाकण काढा ना जी

दिवेलागणीच्या सुमारास आमच्या गल्लीत कोणाच्याही स्वयंपाकघरात कोबीच्या कढईवर झाकण पडले की रस्त्यावरून एक आरोळी येते: "झाकण काढा ना जी!" ब्रह्मपुरीत नव्याने राहायला आलेली माणसे प्रथम घाबरतात. जुनी माणसे निमूटपणे झाकण काढतात. प्रतिवाद करण्याचे बळ आता कोणातच उरलेले नाही.

हे ऋषीभाऊ, माझे शेजारी. नाव ऋषी आणि कोप दुर्वासांचा. अंगकाठी मात्र खरोखरच तपस्व्यासारखी वाळलेली. सारे आयुष्य भातगिरणीत गेले. पोते उघडताच धान हुंगून त्यातली ओल सांगणे, हे त्यांचे तेथील काम. यथाकाल ते निवृत्त झाले. नाक निवृत्त झाले नाही. हिवाळ्यात बाजारात कोबीचे ढीग लागतात, घरोघर तीच भाजी शिजू लागते, आणि त्या नाकाला पुन्हा नोकरी लागते.

त्यांचे कोबीशास्त्र मी इतक्या वेळा ऐकले आहे की नित्यपाठातल्या स्तोत्रासारखे ते मला झोपेतही म्हणता येईल. कोबी धुवायचा तो चिरण्याआधी, पाने सुटी करून. बारीक चिरल्यावर त्याला पाण्याचा थेंबही लागता कामा नये. चण्याची डाळ आधीच भिजवलेली असावी. तेल चांगले तापवून मोहरी तडतडू द्यावी. मग हिंग, हिरवी मिरची, डाळ, आणि डाळ परतली की कोबी. मधला दांडा फेकू नये. तो किसून डाळीबरोबरच घालावा. आच मोठी. पाणी नाही, झाकण नाही. मीठ अगदी शेवटी, कढई उतरवताना.

"आधी मीठ टाकलं का पानकोबी रडते," ऋषीभाऊ सांगतात. "रडली का पाणी सुटते, पाण्याची वाफ होते, आन् वरून तुम्ही झाकण ठेवता. मंग वास काऊन नाई येणार?"

दातांखाली किंचित कुरकुर राहिली पाहिजे, हा उपसंहार. कारणापासून कार्यापर्यंत इतकी निर्दोष मांडणी मी तर्कशास्त्राच्या पाठशाळेतही क्वचितच ऐकली. तेथे मात्र एकदा ऐकले की सुटका होत असे.

एकदा गल्लीतल्याच दुसऱ्या एका घरी मी सत्यनारायणाची पूजा सांगत होतो. संकल्प चालू असता, हातात अक्षता घेऊन बसलेले ऋषीभाऊ एकाएकी उठून आत गेले. झाकण आपटल्याचा आवाज झाला. पाठोपाठ स्वयंपाक करणाऱ्या बाई कडाडल्या, "भाऊ, देवासमोर तरी नाकाले सुट्टी द्या ना!"

"देवालेच वास जाऊन राह्यला ना बाई!"

ऋषीभाऊ परत आले, मुठीतल्या त्याच अक्षता त्यांनी देवावर वाहिल्या आणि मला म्हणाले, "चालू द्या गुरुजी." मी चालू दिले. या वयात दुसरे काय करणार?

या शास्त्राला त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र शिष्य मिळाला नाही. त्यांच्या पत्नी पार्वताबाई कोबी नेहमी झाकण ठेवूनच शिजवीत. "झाकणानं गॅस वाचते," एवढेच त्यांचे शास्त्र. ऋषीभाऊ झाकण काढीत; पाठ वळली की बाई ते पुन्हा ठेवीत. भिंतीपलीकडची ती खडखड आम्ही वर्षानुवर्षे ऐकली. त्या दोघांना दुसरे भांडण ठाऊक नव्हते, आणि याचा त्यांना कधी कंटाळा आला नाही. कंटाळा आम्हांला आला.

गेल्या दिवाळीनंतर पार्वताबाईंना ताप आला. तो उतरला, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. औषधे झाली. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. कदाचित येणारही नाही. बाई दोन घास घेऊन ताट सारू लागल्या. "ओला कागद खाल्ल्यावानी लागते," त्या माझ्या पत्नीला म्हणाल्या. अंगावरची चादर तेवढी दिसावी, इतक्या त्या झिजल्या. गंध हा पृथ्वीचा गुण, असे आम्हांला शिकवले गेले. ज्याचा गंध हरपतो त्याच्या पायांखालची पृथ्वीच थोडी सरकते, हे मात्र मला त्यांच्याकडे पाहून समजले.

त्या दिवसांत एका संध्याकाळी आमच्या घरी कोबीवर झाकण राहून गेले. वास गल्लीभर पसरला. ऋषीभाऊ बाजाराची पिशवी घेऊन आमच्या खिडकीखालून गेले, आणि काहीही बोलले नाहीत. पत्नी हातातले काम टाकून बाहेर आली.

"भाऊ ओरडले नाईत जी. जाऊन पाहा बरं."

सायंपूजेत माझे चित्त लागेना. ती कशीबशी आटोपून मी काठी घेतली.

त्यांच्या दारातच पाय थबकले. असा उग्र वास मी उभ्या जन्मात अनुभवला नव्हता. सगळ्या खिडक्या बंद होत्या. शेगडीपुढे स्टुलावर ऋषीभाऊ बसले होते. कढईत कोबीचे मोठमोठे तुकडे. मीठ आधीच घातलेले, तांब्याभर पाणी ओतलेले, आणि वर घट्ट झाकण.

"ऋषीभाऊ, हे काय?"

"हळू बोला गुरुजी. वास कोंडू द्या." त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिले. "कापूर हुंगवला, हिंग झाला, लसूण झाला. काल सुकी मासळी भाजली. तिले काईच येत नाई. आता हेच राह्यलं. याच्याहून वाईट वास मले मालूम नाई."

वाफेने झाकण खडखडू लागले. ऋषीभाऊंनी ते फडक्याने दाबून धरले. तरीही ते खडखडतच होते.

तेवढ्यात आतून पार्वताबाईंचा आवाज आला. क्षीण होता, पण सूर ओळखीचा होता.

"अवो, झाकण काढा ना जी! जीव घेता का?"

ऋषीभाऊंचा हात तसाच राहिला. बाईंना खरोखरच वास आला होता, की नुसती खडखड ऐकून त्यांनी नवऱ्याची खटपट ओळखली होती, हे मला कळले नाही. ऋषीभाऊंनी झाकण उचलले. वाफेने चष्मा पांढरा झाला, आणि तो त्यांनी बराच वेळ पुसला नाही.

"मीठ जास्त झालं आहे," ते आतल्या दिशेने म्हणाले. "कुरकुर बी नाई राह्यली. खाऊ नको तू."

"तुमच्या कुरकुरीनं दात दुखते माझे," आतून उत्तर आले. "आणा इकडं."

ऋषीभाऊ ताट शोधू लागले. मी काठी उचलली. निघताना सवयीने खिडकी उघडायला हात पुढे केला, आणि मग ती तशीच बंद राहू दिली.