गव्हाच्या काडाची वकिली

आमच्या शेजारच्या कोंडीबातात्यांच्या घरी जायचं तर उंबऱ्यातच खिशातली काडीपेटी काढून द्यावी लागते. मी बिडी-सिगारेट ओढत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, तरी मार्च उजाडला की माझाही खिसा चाचपतात. वर म्हणतात, "मास्तर, शिकल्याल्या मानसाचा तर बिलकूल भरवसा न्हाई!"

आमच्या घोडेगावच्या बाजूला त्या सुमारास हार्वेस्टर गहू काढून जातो आणि रानात नुसतं काड उरतं. बाकीचे त्याला काडी लावून मोकळे होतात. तात्या लावू देत नाहीत. स्वतःच्या रानात तर नाहीच, दुसऱ्याच्याही नाही. कुठं धूर दिसला की धोतर खोचून निघालेच. "जिमिनीच्या तोंडचा घास हाय रं तो! इस्तू लावतुस व्हय?"

मग व्याख्यान. काड रानातच पसरायचं, वर जरासा युरिया फेकायचा, पाणी द्यायचं आणि ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर मारून ते मातीत मिसळायचं. युरिया कशाला? "कुजताना त्येला भूक लागती. आपुन न्हाई दिलं तर पिकाच्या ताटातलं वढून खातं." पावसाळ्यात तिथंच सोयाबीन, सोयाबीनमागं पुन्हा गहू. सोयाबीननं जमिनीत थोडंफार खत ठेवलेलं असतं, म्हणून गव्हाला युरिया कमी. हे ते खताच्या दुकानात उभं राहून गिऱ्हाइकांना सांगतात! दुकानदार बिचारा तात्या लांबून दिसले की त्यांना चहाला बाहेर घेऊन जातो. एका लग्नात तर अंतरपाट धरलेला असताना त्यांनी नवरदेवाच्या बापाला गाठलं. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, तरी बाप युरियातच.

मला हे सगळं अतीच वाटायचं. माणूस चांगला, पण डोक्यात खूळ भरलंय, असं मी बायकोला म्हणायचो.

यंदा रशीदभाईंनी काड पेटवायचं ठरवलं. त्यांचं रान तात्यांच्या घराला लागून, आणि वारा नेमका घराकडं. तात्या बांधाकडं निघाले तसा मीही मागोमाग गेलो, खोटं कशाला बोलू, तमाशा बघायला. पण तात्या ओरडलेच नाहीत. त्यांनी हात जोडले.

"रशीदभाई, रोटाव्हेटर मी मारून देतो. डिझेल माझं. तेवढं पेटवू नका."

रशीदभाई अवघडले. "आवो तात्या, हात कशाला जोडता? न्हाई पेटवत. जावा घरी."

तात्यांनी मला चहाला नेलं. आत पाहतो तर सगळ्या खिडक्यांवर ओल्या गोधड्या टांगलेल्या. त्यांच्या पत्नी, गोदाकाकू, बाजेवर पुढं वाकून बसलेल्या, मुठीत दम्याचा पंप.

"काकूंना दमा? कधी बोलला नाहीत ते!" मी हळूच म्हणालो.

"लई वर्सं झाली. धुरानं जीव घाबरा हुतो तिचा. एकदा तर हातातनं गेलीच हुती."

"मग लोकांना हेच सांगायचं ना!"

"सांगितलं की पयल्यांदा, तुमी गावात यायच्या आदी. व्हय व्हय म्हनले, आन दुसऱ्या दिशी पेटवलं." तात्या गॅसच्या शेगडीकडं वळले. "म्हातारीच्या दम्यापायी कोन थांबतंय, मास्तर? युरियाचं पोतं वाचतंय म्हनलं की थांबत्यात."

मी माझा रिकामा खिसा पुन्हा एकदा चाचपून पाहिला.

काकूंनी मान न उचलता विचारलं, "पेटवलं का वो त्यांनी?"

"न्हाई पेटवलं," खिडकीवरची गोधडी काढत तात्या म्हणाले. "घे. निवांत श्वास घे."