आनंद राखीव आहे

"शांती, अजून मोठ्यानं ओरड. सहनशीलता, अगं घाई कर, घाई. सौम्यता, मार झेप, पडलीस तर पडलीस. आणि इंद्रियदमन, तोंडातली चिक्की आधी गिळ."

लोणावळ्यातल्या आमच्या मिशन शाळेच्या ऑफिसची खिडकी मैदानावर उघडते. तिथे हेडक्लार्क म्हणून मी इतकी वर्षं काढली, की शाळा सुटल्यावर हा आरडाओरडा कानावर पडला नाही तर मला काहीतरी विसरल्यासारखं वाटतं. ओरडणारे आमचे पी.टी.चे अमोलिक सर. ज्यांच्या नावानं ओरडायचं ती खो-खोची मुलं.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी हजेरीपट पुढे ओढला आणि मला विचारलं, "इनामदार मॅडम, हा इंद्रियदमन कोणत्या वर्गात आहे? सापडत नाही मला."

मी म्हटलं, "नाव आदित्य शेलार, आठवी ब. इंद्रियदमन हे त्याचं मैदानावरचं नाव."

साहेबांनी चहा अर्धाच प्यायला.

त्याचं असं आहे, की ख्रिस्ती लोकांत आत्म्याची नऊ फळं मानतात. प्रीती, आनंद, शांती इथपासून सुरू होऊन ती इंद्रियदमनापर्यंत जातात. आणि खो-खोत मैदानावर खेळाडूही नऊच. सरांच्या मते हा योगायोग असूच शकत नाही. "बाई, हा खेळ मावळात जन्मला की आणखी कुठं, ते मला ठाऊक नाही. पण ज्यानं नऊ गडी ठरवले, त्याच्या पाठीवर कुणाचा तरी हात होता." दरवर्षी जूनमध्ये मुलांचा आणि मुलींचा संघ निवडला की सर दोन्हीकडे एकेकाला फळ वाटतात. संघात ख्रिस्ती मुलं दोन-तीनच असतात, बाकी कोण कुठल्या घरचं ते विचारायचं नाही. फळाला जात नसते, असं सर म्हणतात.

सरांची आणि माझी सकाळची भेट 'सलाम'नं होते. त्यांच्या लोकांत एकमेकांना सलाम म्हणायची पद्धत आहे, आमच्या मुसलमानांत तर आहेच. नव्यानं लागलेल्या शिक्षकांना वाटतं, सर माझ्या धर्माचा मान ठेवतात. सरांना वाटतं, मी त्यांच्या धर्माचा ठेवते. आम्ही दोघांनीही कधी खुलासा केलेला नाही.

माझा फरहान सातवीत संघात आला, तेव्हा घरी येऊन म्हणाला, "अम्मी, मी विश्वासूपणा."

मला बरं वाटलं. शेजारी सांगूनही झालं. मग मला सौम्यता दिसली. ती कुरवंड्याची काजल, जिनं त्याच आठवड्यात एका मुलाला पाण्याच्या टाकीत ढकललं होतं. शांती म्हणजे प्रार्थनेच्या वेळीही बोलणारी मुलगी. इंद्रियदमन दुसऱ्यांचे डबे खायचा. मी तशीच उठून मैदानावर गेले.

"सर, हे फळ तुम्ही कशावरून देता?"

"ज्याच्याकडे जे नाही, ते त्याला. असलेलं देऊन काय उपयोग?"

"म्हणजे माझा मुलगा खोटारडा आहे?"

"नाही हो. खो द्यायला हात पुढं करतो आणि शेवटच्या क्षणी मागं घेतो. बसलेला बिचारा अर्धा उठतो आणि फसतो. खेळातच करतो हो. घरी करत नसेल."

घरी जाऊन मी चौकशी केली. चित्रकलेच्या वहीपासून सुरुवात झाली आणि ट्यूशनच्या सरांपर्यंत प्रकरण गेलं. त्यानंतर सरांशी मी फळांवरून वाद घातला नाही.

ज्यांनी खो-खो खेळला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. आठ गडी एका रांगेत, एकाआड एक उलटी तोंडं करून बसतात. नववा पळणाऱ्याच्या मागे धावतो. दमला की तो बसलेल्याच्या मागे येऊन पाठीला हात लावतो आणि मोठ्यानं 'खो' म्हणतो. मग बसलेला उठतो, धावणारा त्याच्या जागी बसतो. आणखी दोन नियम आहेत. खो मिळायच्या आधी उठायचं नाही. आणि उठून एकदा दिशा घेतली की रांगेच्या टोकाच्या खांबापर्यंत मध्येच वळायचं नाही.

सरांचा सगळा धर्म या दोन नियमांत मावतो. मिटिंगमध्ये मुख्याध्यापिकांनी विचारलं, "अमोलिक सर, तुमचं मत?" की सर म्हणतात, "मॅडम, मला अजून खो मिळालेला नाही." दंतवैद्याकडे, एस.टी.त, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे तेच. आमच्या विज्ञानाच्या बाईंनी एकदा छेडलं, "सर, तुमचा देव सगळ्यांशी बोलतो म्हणता, मग आम्हाला कसा दिसत नाही?"

सर म्हणाले, "तो मागून येतो, बाई. समोरून आला तर कुणीही उठेल."

या सगळ्याचा परिणाम त्यांच्या पाठीवर झाला आहे. पाठीला कुणाचा हात लागला की सर पळतात. विचार न करता, थेट. एकदा बँकेत रांगेत उभे असताना मागच्या आजोबांनी पेन मागायला त्यांच्या पाठीला बोट लावलं. सर सुटले. मॅनेजरच्या केबिनपर्यंत गेले, तिथल्या खांबाला वळसा घातला आणि दुसऱ्या बाजूनं परत आले. मध्येच वळता येत नाही ना. सिक्युरिटीवाला उठून उभा राहिला होता. सरांनी आजोबांना पेन दिलं आणि म्हणाले, "स्पर्श चांगला होता. पण तोंडानं खो म्हणायला हवं होतं."

वडगावच्या तालुका सामन्यांची गोष्ट आमच्याकडे अजून निघते. मुलींची अंतिम लढत होती. अगदी शेवटी काजलनं झेप घेऊन समोरच्या संघाची शेवटची मुलगी बाद केली आणि आम्ही जिंकलो. पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. काजल मात्र तशीच गुडघ्यावर बसून राहिली आणि तिनं हात वर केला.

"काय गं?" पंच म्हणाले.

"सर, मी आदीच उठलेली. खो नंतर आला."

"आम्हाला नाही दिसलं."

"तुमाला न्हाई दिसलं. मला ठावं हाय ना."

बाद रद्द झालं आणि सामना गेला. पोरी रडल्या. काजलचे आजोबा सामना बघायला कुरवंड्याहून आले होते. ते काठी टेकत सरांपाशी आले.

"सर, लय गुणाची केली पोर तुमी. कप कुटंय?"

"आबा, कप शाळेच्या कपाटात राहिला असता. पोर तुमच्या घरात राहते."

"ते खरं हाय वो. पर आता ही घरातबी खरंच बोलंल. आमी कसं करायचं?"

सर इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. मग दोन्ही संघांना वडापाव मिळाला, हरलेल्यांना आणि जिंकलेल्यांनाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेत सरांनी काजलला पुढे बोलावलं आणि एवढंच म्हणाले, "सौम्यता पिकली. आता तुला तुझ्या नावानं हाक मारणार."

एक गोष्ट मला अनेक वर्षं कळली नाही. सर आठच फळं वाटत. नवव्या खेळाडूला साध्या नावानंच हाक मारत. गळायचं ते नेहमी 'आनंद'. मी विचारलं तर म्हणत, "आनंद राखीव आहे." राखीव खेळाडू असतो तसा. मला वाटायचं, मुलं मैदानावर आनंदातच असतात. ज्याच्याकडे आहे त्याला द्यायचं नाही, हा नियमच आहे.

सर एकटे. लग्न केलं नाही. शाळेच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये आई आणि ते राहत. आई गेल्यावर ते नुसतेच राहिले. नाताळला डबाभर करंज्या घेऊन ते आमच्या सगळ्यांच्या घरी येतात, पण दारातूनच परत जातात. "बसा ना सर," म्हटलं की म्हणतात, "बसलो तर उठवायला कुणी हवं."

यंदा मे महिन्यात ते निवृत्त झाले. क्वार्टर महिनाअखेर रिकामं करायचं होतं. आईच्या मातीच्या वेळी श्रीरामपूरच्या पुतण्यानं म्हटलं होतं, "काका, रिटायर झालात की आमच्याकडेच यायचं. मी न्यायला येईन." तेवढ्यावर सर विसंबून होते. पुतण्याचा फोन काही येत नव्हता.

मला अधांतरी कामं आवडत नाहीत. मी यादी केली आणि सरांसमोर वाचली. फरहान नोकरीला गेल्यापासून आमची वरची खोली रिकामी आहे. जिना स्वतंत्र आहे. पाणी सकाळी येतं. चर्च चालत जाण्यासारखं, मैदान त्याहून जवळ. आमच्या ह्यांना विचारलेलं आहे, त्यांना बुद्धिबळाला माणूस हवाच आहे. मटण शुक्रवारी.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. "बाई, व्यवस्था उत्तम आहे. पण पुतण्या येतो म्हणालाय. खो आल्याशिवाय उठायचं नाही."

"आणि नाही आला तर?"

"बसलेल्यानं मागं वळून बघायचं नसतं."

मी यादी सुधारून पुन्हा वाचली. गरम पाण्याची सोय घातली. उत्तर तेच.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी क्वार्टरच्या किल्ल्या घ्यायला गेले. व्हरांड्यात दोन ट्रंका आणि एक दोरीनं बांधलेली गादी होती. सर नव्हते. पायरीवर काजल बसली होती. आता ती कुरवंड्याला घरची चहा-भजीची टपरी सांभाळते. सरांसाठी द्रोणात करवंदं घेऊन आली होती.

"पुतण्या आला का गं?"

"न्हाई मावशी. सकाळी सरांनीच फोन केला. तो म्हणला, पुढच्या महिन्यात बघू. घर लहान पडतंय म्हणं." तिनं मैदानाकडे मान हलवली. "तितं बसल्यात तवापासनं. मी दोनदा हाक मारली."

सर मैदानातल्या मधल्या रांगेत, आमच्याकडे पाठ करून, शेवटच्या आठव्या चौकोनात बसले होते. खो-खोत बसतात तसे, गुडघे दुमडून, हाताची बोटं जमिनीला टेकवून. सुट्टीचे दिवस, मैदानावर दुसरं कुणी नव्हतं.

"ती जागा सरांचीच हाय," काजल म्हणाली. "सरावाला एखादी पोरगी आली न्हाई की सर सोता बसायचे. हजेरी घ्यायचे आमची. प्रीती हजर, शांती हजर. आन् शेवटी सोताचं म्हणायचे, आनंद हजर."

"आनंद?" मी विचारलं.

"तुमाला ठावं न्हाई व्हय?" ती म्हणाली. "आमाला समद्यांना ठावं हुतं. पर आमी कधी इचारलं न्हाई."

ज्याच्याकडे जे नाही, ते त्याला. नियम मला पाठ होता. एवढ्या वर्षांत तो मी सरांना लावून बघितला नव्हता.

पर्समधली यादी मी तशीच राहू दिली. चपला काढल्या, कारण मैदानावर सर चप्पल चालवून घेत नाहीत, आणि आखणीच्या पुसट पांढऱ्या रेघेवरून चालत गेले. शाळेत असताना मी कधी कुठला खेळ खेळले नाही. मागून जायचं, एवढं माहीत होतं. त्यांच्या पाठीला हात लावला आणि म्हटलं, "खो."

सर उठले आणि पळाले. या वयातही पहिली पावलं चांगली लांब पडली. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते थांबले. त्यांनी मान तेवढी वळवली.

"वळू नका," मी म्हटलं. "दिशा घेतलीत. आता वळलात तर फाउल."

ते फाटकाकडे तोंड करूनच उभे राहिले.  चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत लावला.

"खांब कुठंय, बाई?"

"आमच्या वरच्या खोलीत. जिन्यापाशी आहे एक."

काजलनं तेवढ्यात गादी खांद्यावर घेतली होती; जाता जाता तिनं करवंदांचा द्रोण सरांच्या हातात ठेवला. ट्रंकांसाठी रिक्षा बोलवायला मी फोन काढला. सर पुढे चालायला लागले, हळूहळू, पण एकदाही मागे न बघता. फाटकापाशी पोचल्यावर म्हणाले, "तुमचा आवाज फार हळू होता हो. पंचांनी हा खो धरला नसता."

"तुम्ही धरलात ना?"

"मी धरला," सर म्हणाले, आणि द्रोणातली करवंदं माझ्यापुढे केली.